परत करण्याची तारीख

आमचे विट्याचे घरमालक माणसाकडे बघून त्याचा टंच सांगायचे. टंच म्हणजे सोन्याचा कस, शंभरात सोनं किती तो आकडा. चाळीस वर्षं त्यांनी कोइमतूरला गलाईचं दुकान चालवलं, जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं. भट्टी सुटली तरी सवय सुटली नव्हती. दूधवाला अठ्ठ्याऐंशी. समोरचे निवृत्त हेडमास्तर एक्क्याण्णव, "पन बोलाय लागलं की ऐंशीवर येत्यात." स्वतःच्या मुलाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "त्याच्यावर छाप बरा हाय. आतलं तोडल्याबिगर कळत न्हाई."

मी बहात्तर.

हा आकडा त्यांनी मला घर भाड्याने घेतलं त्याच दिवशी सांगितला, जिन्यावर, माझ्या बायकोसमोर. मी विचारलं, "मालक, बहात्तर म्हणजे बरं की वाईट?"

"दागिना हुतो," ते म्हणाले. "मोडाय गेलं की रडाय येतं."

बायको ट्रंक उचलून वर गेली. पण तेव्हापासून आजतागायत आमच्या घरातला कुठलाही वाद बहात्तरावर येऊन मिटतो.

मी मूळचा कोरेगावचा. विट्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवायला गेलो आणि मालकांच्या वरच्या मजल्यावर सात वर्षं राहिलो. क्लास म्हणजे काय, तर सरकारी नोकरीला लागणारं सर्टिफिकेट मुलांना मिळवून द्यायचं. त्यासाठी जेवढं कॉम्प्युटर यावं लागतं, तेवढंच मला येत होतं. पण गल्लीत 'कॉम्प्युटरचे मास्तर' म्हटलं की लोकांना वाटायचं, उपग्रहसुद्धा मलाच विचारून सोडतात. हा गैरसमज मी कधी दूर केला नाही. त्याची फळं पुढे भोगली.

मालकांचा दिवस केराने सुरू व्हायचा. अंगण, जिना आणि आमचा उंबरा ते स्वतः झाडायचे आणि केर टाकून न देता पत्र्याच्या डब्यात आठवडाभर ठेवायचे. गलाईच्या दुकानात केर कुणी टाकत नाही. त्यात सोन्याचे कण असतात, वर्षाकाठी तो धुऊन सोनं काढतात. विट्याच्या अंगणात कसलं सोनं, पण डबा भरायचाच. रविवारी ते पाट टाकून बसायचे आणि तो केर वर्तमानपत्रावर पसरून बोटाने चिवडायचे. एकदा बायकोच्या कुड्याची फिरकी त्यातून निघाली. ती हातावर ठेवून म्हणाले, "सूनबाई, केर टाकायचा नसतो. बघायचा असतो." बायकोने ते वाक्य उचललं आणि त्यानंतर माझ्या टेबलाचे खण बघायला सुरुवात केली.

त्यांची दुसरी सवय म्हणजे ते कुणाकडे काही मागायचे नाहीत. जेवताना मीठ कमी पडलं तर मिठाच्या भांड्याकडे बघत बसायचे. काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, लक्ष जाईपर्यंत घास तसाच. एकदा सांगलीला आजारी मेहुण्याला बघायला आम्ही दोघे गेलो. दवाखाना सापडेना. मी म्हटलं, पानवाल्याला विचारतो. त्यांनी माझा दंड धरला. दोन तास आम्ही उन्हात फिरलो. पोचलो तेव्हा भेटीची वेळ संपली होती आणि मेहुणे खिडकीतून आम्हाला हात करत होते. "सकाळपासनं बघतोय," मेहुणे नंतर फोनवर म्हणाले, "ह्या खिडकीखालनं तीनदा गेलासा."

"मालक, रस्ता विचारणं म्हणजे मागणं नव्हे," मी परतीच्या गाडीत म्हटलं.

"त्यात हात पसरतो, ह्यात तोंड. एकच की."

घरातली सगळी मागणी काकू करायच्या. पुरणयंत्र, ताडपत्री, पाहुणे आले की जादाची गादी, काय हवं ते गल्लीतून त्या आणायच्या. आणि काकूंकडून गल्लीत काय जायचं, तर विरजण. त्यांचं दही असं लागायचं की गाडगं उपडं केलं तरी सांडू नये. गल्लीत अकरा घरं. त्यातल्या निम्म्या घरांचं विरजण मुळात काकूंच्या गाडग्यातलं. कुणाचं दही बिघडलं की त्या घरची बाई सकाळी वाटी घेऊन यायची. काकू एक चमचा घालायच्या आणि वर तासभर ऐकवायच्या: दूध कोमट किती, झाकण कुठलं, गाडगं कुठं ठेवायचं. विरजण फुकट होतं, भाषण सक्तीचं.

मग काकूंचे गुडघे गेले. मुलाने त्यांना कोइमतूरला नेलं आणि तिथं ऑपरेशन केलं. दोन महिन्यांत येते म्हणून गेल्या आणि राहिल्या. तिथं लिफ्ट होती, नातवंडं होती, रोज व्यायाम घ्यायला बाई यायची. मुलाचं म्हणणं असं की आता वडिलांनीही यावं. एकटा म्हातारा माणूस विट्यात काय करणार? घर विकून टाकू. दसऱ्याला येतो आणि गिऱ्हाईक बघतो.

मालक म्हणाले, "मला कुनाचं काय लागत न्हाई. मी हितं बरा हाय."

ते बरे नव्हते. स्वयंपाक ठीक करायचे, दही स्वतः लावायचे आणि कोइमतूरच्या सवयीने रात्री दहीभातच जेवायचे. पण रोज संध्याकाळी सातला ते ओट्यावर बसून काकूंना फोन लावायचे. कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. अख्खा जिना ऐकायचा.

"बरं हाय का?"

"बरं हाय."

"गुडगा?"

"बरा हाय."

"जेवलीस?"

"आवं, सात वाजल्यात. आत्ताच कुटलं जेवन."

"बरं. ठेवतो."

मग ते तो फोन हातात धरून बराच वेळ बसायचे. एक दिवस माझ्या बायकोला राहवलं नाही. ती जिन्यातूनच म्हणाली, "काका, एकदा 'ये' म्हणा की. त्या वाट बघत असतील."

ते म्हणाले, "तिला यायचं असंल तर ती येईल. मागून आनलेली वस्तू परत द्यावी लागती, सूनबाई."

ह्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी ते माझ्याकडे ॲपचा विषय घेऊन आले. ते वर आले हीच बातमी होती. एरवी ते खालून हाक मारायचे. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, ह्या गल्लीत अकरा घरं. ड्रिल मशीन सात. मी मोजल्यात. भिंती तरी किती पाडायच्या हायत?"

मग त्यांनी कोइमतूरची पाटी सांगितली. तिकडं एका गल्लीत आपल्या भागातल्यांची चार दुकानं होती. सोन्याचा पत्रा ओढायचं मशीन एकच, मोठा तराजू एकच. मधल्या भिंतीवर एक पाटी टांगलेली. ज्याला मशीन हवं त्याने खडूने नाव लिहायचं, पुढे परत कधी देणार ते लिहायचं आणि घेऊन जायचं. "कोन कुनाला मागत न्हवतं. पाटीला मागायचं. पाटी काय तोंड बघत न्हाई. तशी पाटी फोनात करा."

"मालक, ॲप बनवणं म्हणजे..."

"तुमी कॉम्प्युटरचं मास्तर न्हवं?"

बायको आतून हे सगळं ऐकत होती. मी नाही म्हटलं असतं तर सात वर्षांची अब्रू त्या खुर्चीवर सांडली असती. मी हो म्हटलं.

पुढचे दीड महिने मी व्हिडिओ बघून ॲप शिकलो. शिकवणारा पोरगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, आणि दर वाक्याला म्हणायचा की हे तर अगदी सोपं आहे. पहिल्या खेपेला ॲप उघडलं की फोन बंद पडायचा. दुसऱ्या खेपेला वस्तूच्या रकान्यात 'शिडी' लिहिलं की सगळ्यांच्या नावापुढे शिडी यायचं. मालक रोज सकाळी झाडू हातात घेऊन विचारायचे, "कुटवर आलं?" मी सांगायचो, "वितळतंय." ते मान हलवायचे. ही भाषा त्यांना पटायची.

नाव त्यांनीच दिलं, 'अडनड'. रकाने चार: वस्तू, घर, कुणाला हवी, परत करण्याची तारीख. आणि घंटा पाहिजे. कुणी काही मागितलं की सगळ्यांच्या फोनवर देवळातली घंटा वाजली पाहिजे. मी म्हटलं, साधा आवाज पुरे. ते म्हणाले, "पाटी सगळ्यांस्नी दिसत हुती. तशी ऐकू आली पायजे."

सभासदांचे फोन नंबर भरताना त्यांनी स्वतःच्या घरापुढे दोन नंबर सांगितले. दुसरा काकूंचा.

"काकू कोइमतूरला आहेत मालक. त्यांना शिडी कशाला लागणार?"

"घर तिचं हाय. यादीत नाव पायजे."

मी नंबर घातला. काकूंच्या फोनवर ॲप चढवण्याचं काम त्यांच्या नातीने केलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. बहात्तर टंचाला वाटतही नाही.

उद्घाटनाला मालकांनी गल्लीला ओट्यावर बोलावून पितळी पेल्यांतून मद्रासी कॉफी पाजली. लोकांनी उत्साहाने आपापल्या वस्तू भरल्या. इथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं. हेडमास्तरांनी शिडी आणि ड्रिल भरलं. ते बघून शेजारच्या घराने शिडी, ड्रिल आणि पाण्याचा पंप भरला. मग कोपऱ्यावरच्या बाईंनी पुरणयंत्र, शेवयाचं मशीन, शंभर माणसांची कढई आणि बाळंतिणीची बाज भरली. दूधवाल्याने ट्रॅक्टर भरला. हेडमास्तर घरी जाऊन परत आले आणि म्हणाले, "माझं एक हार्मोनियम पण लिहा." तासाभरात गल्लीकडे एक छोटा साखर कारखाना उभा राहील एवढं सामान जमा झालं. त्यातून कुणाला काय हवं आहे, ह्या रकान्यात मात्र काही नव्हतं.

दोन महिने झाले तरी काही नव्हतं.

घंटा वाजलीच नाही. मला वाटलं माझंच काही चुकलं आहे, म्हणून मी चोरून दोनदा तपासलं. ॲप उत्तम चाललं होतं. चुकलं होतं ते निराळंच. आमच्याकडे शिडी मागायची रीत अशी: आधी जाऊन बसायचं. पोरीच्या सासरचं विचारायचं, चहा नको नको म्हणत घ्यायचा. उठायचं, चप्पल घालायची, फाटकापर्यंत जायचं आणि मग काहीतरी आठवल्यासारखं वळून म्हणायचं, "अगं, ती तुमची शिडी हाय का मोकळी?" फाटकापर्यंत जाण्याचा रकाना मी ठेवला नव्हता. माझ्या ॲपमध्ये माणूस थेट घंटा वाजवून अकरा घरांना सांगणार होता की आमच्याकडे शिडी नाही. द्यायला सगळे तयार होते, पण आधी घंटा कोण वाजवणार? वस्तू पूर्वीसारख्याच मागच्या दाराने फिरत होत्या. हेडमास्तरांची शिडी तर मी माझ्या डोळ्यांनी तीन घरांत बघितली.

मालक रोज सकाळी फोन उघडून बघायचे आणि खिशात टाकायचे. मी एकदा म्हटलं, "मालक, तुम्हीच काहीतरी मागा. सुरुवात होईल."

"मला काय लागत न्हाई," ते म्हणाले आणि झाडायला लागले.

दसरा पंधरा दिवसांवर आला. मुलाने फोनवर सांगितलं की सांगलीचा एक माणूस घर बघायला येईल. आम्हीही दुसरं घर शोधू लागलो. बायको संध्याकाळी सातला मुद्दाम जिन्यात बसायची, आज तरी 'ये' म्हणतात का ते ऐकायला. "बरं हाय का, बरं हाय, गुडगा." ती वर येऊन भांडी आपटायची. "तुम्ही पुरुष माणसं," म्हणायची. मी गुडघ्याबद्दल काही बोललो नव्हतो, तरी माझ्यावर यायचं.

एका सकाळी साडेसातला मी दाढी करत होतो आणि घंटा वाजली.

माझ्या फोनवर वाजली, बायकोच्या वाजली, खाली वाजली, समोर वाजली. गल्लीभर देवळं उघडल्यासारखं झालं. अर्ध्या दाढीने मी फोन बघितला. घर: मालकांचं. वस्तू: विरजण, एक चमचा. परत करण्याची तारीख: उद्या.

तारीख भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, अशी सोय मीच केली होती.

आधी खिडक्यांतून डोकी बाहेर आली. मग दारं उघडली. कोपऱ्यावरच्या बाई वाटी घेऊन निघाल्या, त्यांच्यामागे हेडमास्तरांच्या सूनबाई, मग दूधवाला दह्याची अख्खी बादलीच घेऊन. आठपर्यंत ओट्यावर नऊ वाट्या झाल्या. मालक दारात उभे होते आणि प्रत्येकाला "ठेवा, ठेवा" म्हणत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. चाळीस वर्षं भट्टीपुढे बसलेला माणूस, पण एवढा घाम मी त्यांना आलेला कधी बघितला नव्हता.

"आवं काका, हे सगळं काकूंचंच हाय," कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या. "त्यांनीच दिल्यालं, तेच परत आणलंय."

"तुमच्या घरात इरजण न्हाई म्हंजे," दूधवाला म्हणाला, "नदीच्या घरात पानी न्हाई म्हनल्यागत झालं."

आमचीही वाटी घेऊन बायको खाली गेली. ओट्यावर गर्दी झाली होती म्हणून ती आपली थेट स्वयंपाकघरात ठेवून आली. वर आली ती गप्पच. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "दाढी पुरी करा."

तेवढ्यात खाली फोन वाजला. संध्याकाळचे सात वाजलेले नव्हते, आणि फोन मालकांनी लावलेला नव्हता. कोइमतूरहून आला होता. मी जिना पुसायचं फडकं उचललं. तो जिना मी सात वर्षांत तेवढाच एकदा पुसला.

"आवं, तुमाला लाज हाय का?" काकूंचा आवाज. "माज्या फोनात हितं घंटा वाजली. देवाफुडं बसल्याली मी, सून हसाय लागली. माज्या घरात इरजण न्हाई म्हनून साऱ्या गल्लीत सांगितलंसा?"

"पाटीवर लिवलं," मालक म्हणाले.

"कोपऱ्यावरची आता जलमभर मला ऐकवंल. तिला इरजण मी शिकवलंय. गाडगं कुटं हाय?"

"हाय की."

"मग झालं काय?"

मी फडकं थांबवलं.

"लागंना झालंय," ते म्हणाले. "तू गेल्यापासनं."

स्पीकरवर नुसता तिकडच्या मिक्सरचा आवाज ऐकू येत होता.

"दूध लय तापवत असशीला," काकू शेवटी म्हणाल्या. आवाज उतरला होता. "कशाला हात लावू नका. मी येती."

"गुडगा?"

"गुडगा माजा मी बघती. ठेवा."

त्या आठव्या दिवशी आल्या. मुलगा मिरजेपर्यंत रेल्वेने आणि पुढे गाडीने घेऊन आला. सांगलीच्या माणसाला परस्पर फोन करून त्याने येऊ नको म्हणून सांगितलं. काकू वॉकर टेकत अंगणात उतरल्या. गल्ली बघायला उभी होती. काकूंनी कुणाकडे बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही दोघं वरच्या खिडकीत होतो, तेव्हा बायकोने मला सांगितलं.

त्या सकाळी ती वाटी ठेवायला आत गेली, तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गाडगं होतं. झाकण सरकलेलं होतं. आत दही होतं. गाडगं उपडं केलं तरी सांडू नये असं लागलेलं.

"आणि तू मला आठ दिवस सांगितलं नाहीस?"

"तुम्ही त्यांना विचारलं असतं," ती म्हणाली.

काकू आत किती वेळ होत्या ते मी मोजलं नाही. बाहेर आल्या तेव्हा वॉकर एका हातात आणि पदराचं टोक दुसऱ्या हातात. मालक अंगणात नसलेला केर झाडत होते.

"दही तर बरं लागलंय," काकू म्हणाल्या.

"व्हय," मालक म्हणाले. "हुतं कदी कदी."

दुसऱ्या दिवशी वाट्या परत गेल्या. रिकामी वाटी परत देत नाहीत, म्हणून काकूंनी प्रत्येकीत त्या गाडग्यातलं दही घातलं आणि मालकांच्या हातात ताट दिलं. ते दारोदार गेले. आमच्या दारात आले तेव्हा मी म्हटलं, "मालक, आता ॲपमध्ये 'परत केलं' असं बटण आहे ते दाबा. नाहीतर रोज सकाळी घंटा वाजून तारीख उलटली म्हणून सांगतच राहील."

"सांगू दे."

"पण वाट्या तर परत दिल्या."

"वाट्या दिल्या," ते म्हणाले. "बाकीचं परत करायचं न्हाई." आणि ताट घेऊन खाली गेले. दोन पायऱ्या उतरून थांबले. "मास्तर, काम बरं केलंसा."

"मग टंच वाढला म्हणायचा?"

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "बहात्तरच," म्हणाले.

आम्ही आता कोरेगावला स्वतःच्या घरात राहतो. अडनडमध्ये त्यानंतर कुणी काही मागितलं नाही. बरेच जण ते काढून टाकूनही मोकळे झाले. माझ्या फोनवर मात्र रोज सकाळी साडेसातला देवळातली घंटा वाजते आणि अक्षरं येतात: विरजण, एक चमचा, परत करण्याची तारीख उलटली आहे. ती बंद कशी करायची ते मला अजून सापडलेलं नाही. बायको म्हणते, शोधत बसू नका. ती घंटा झाली की ती चहा टाकते.